रक्तातून पार गेलेला उजेड

ती केस विसरायची मी खूप खटपट केली. जमलं नाही. नोकरी संपून काही वर्षं झाली, बाकीच्या केसेसचे नंबरसुद्धा आता आठवत नाहीत. पण लालबागच्या टॉवरमधली ती अकराव्या मजल्यावरची खोली डोळ्यांसमोरून हलत नाही. नावं कुणाची लिहिणार नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

माझं शिक्षण आधीच सांगून टाकतो. पुढे एका यंत्राबद्दल लिहिणार आहे, त्यात चूक निघाली तर हसू नका. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणितात गेलो. शिपाई म्हणून भरती झालो, हवालदार झालो, शेवटी सहायक फौजदार. जे शिकलो ते चौकीत आणि रस्त्यावर.

आणि एक. माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं. ही केस खरी तिची. सरकारी कागदावर तिचं नाव कुठेच नाही, म्हणून लिहायला बसलो.

दुपारी दोनच्या सुमारास ठाण्यात फोन आला. मालवणी बाई, मुलीच्या नावाने रडत ओरडत होती. "माझ्या चेडवाक मारल्यान. जावयाक धरा." ठाणे अंमलदाराने पत्ता लिहून घेतला. मी आणि एक महिला शिपाई निघालो.

ती जागा मी आधीपासून ओळखत होतो. पूर्वी तिथे गिरणी कामगारांची चाळ होती. चाळ पाडून टॉवर झाला, जुन्या भाडेकरूंना वर खोल्या मिळाल्या. आम्ही पोचलो तेव्हा अकराव्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आतल्या खोलीत खाटेवर मुलगी पडलेली. वय सव्वीस. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. बाळ सोळा दिवसांचं, ते शेजारणीच्या मांडीवर रडत होतं. मुलीच्या अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. चेहरा लालसर, झोपल्यागत. पंचनाम्यात मी तसंच लिहिलं: "चेहरा लालसर, झोपल्यासारखा." माझ्याच हाताने लिहिलं आणि त्याचा अर्थ मला कळला नाही.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली की चौकशी वरच्या अधिकाऱ्यासमोर होते. ती झाली. मृतदेह रुग्णालयात गेला. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं मत राखून ठेवलं. रक्त आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, लाखेचं सील करून प्रयोगशाळेत पाठवला. सोबतच्या पत्रात आम्ही लिहिलं, विषाची तपासणी करावी. प्रयोगशाळा तुम्ही विचाराल तेच शोधते, हे लोकांना माहीत नसतं. आम्ही विष विचारलं. ते विष शोधायला लागले.

मुलीची आई विधवा. नवरा गिरणीत होता, संप बघून गेला. तिने जबाब दिला तो असा. जावई सकाळी अकराला आला. गिरगावातून त्याच्या आईने केलेले डिंकाचे लाडू घेऊन. आतल्या खोलीत बायकोजवळ वीस-पंचवीस मिनिटं बसला. मग बाळाला उचलून बाहेर हॉलमध्ये आला, मागे दार ओढून घेतलं. बाळ सासूच्या मांडीवर दिलं आणि साडेबाराला निघून गेला. दीड वाजता आई जेवण घेऊन आत गेली, तेव्हा मुलीचा श्वास थांबला होता. अर्धा लाडू उशाशी.

"आधी पोराक भायर काढल्यान, साहेब," ती मला म्हणाली. "मगे तिका मारल्यान. त्येका ठावक होता."

हे वाक्य आमच्या वरिष्ठ साहेबांना फार पटलं. मलाही पटलं. खोटं का सांगू?

जावई रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला. अंगाने दांडगा, तोंडाने मुका. त्याला रोज सकाळी दहाला ठाण्यात हजर राहायला सांगितलं. यायचा, बाकावर बसायचा. त्याची आई पण यायची, त्याच्या शेजारी बसायची, हातात पाण्याची बाटली.

मी त्याला विचारलं, "पळालास का?"

"पळालो नाय. दुपारची पाळी होती."

"बाळाला आधी बाहेर का आणलंस?"

"ती बोलली, डोकं ठणकतंय, ह्याला घेऊन जा, मला पडू दे."

"लाडवात काय होतं?"

"डिंक. खोबरं. आईने केलेले."

"बायको मेली आणि तू एकदापण रडला नाहीस?"

त्याची मान खाली.

आमच्या ठाण्यात एक हवालदार होता, जिभेला हाड नसलेला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, ह्याने काल चहात बिस्कीट बुडवून खाल्लं. दोन खाल्ली. मी मोजली." सगळे हसले. मी पण हसलो. जावयाने वर बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो आपणहून बोलला. "दार मी ओढलं, साहेब. तेवढं लिहा."

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "फुटायला लागला. सोमवारी गुन्हा दाखल करू."

त्याच दिवशी त्याच्या आईने मला जिन्यात गाठलं. "साहेब, माझा पोरगा लहानपणापासून असाच आहे हो. बाप गेला तेव्हा तीन महिन्यांनी रडला. तेपण नळ सोडून, मोरीत. मी बाहेरून ऐकलं."

मी म्हटलं, "आजी, सगळ्या आया असंच सांगतात." आणि खाली उतरलो. ते वाक्य परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

आम्ही तेव्हा परळला पोलीस वसाहतीत राहायचो. शनिवारी दुपारी मी जेवायला घरी गेलो. बायको सुकट निवडत बसली होती. नोकरीतलं घरी सांगायचं नाही असा माझा नियम, आणि तो मी रोज मोडायचो. ताटावर बसून मी सगळं सांगितलं. लाडू, बाळ, दार, बिस्कीट.

ती म्हणाली, "डोकं दुखत होतं तिचं?"

"तो सांगतो तसं."

"आणि त्याचं?"

मी आठवलं. पहिल्या दिवसाच्या जबाबात होतं. सासूकडून निघताना त्याचंही डोकं धरलं होतं, वखारीत जाऊन ओकला होता. आम्ही लिहिलं होतं, घाबरल्यामुळे.

"त्याने लाडू खाल्ला होता?"

"नाही."

"मग त्याचं डोकं कशाने दुखलं?"

मी घास तसाच हातात धरून बसलो. इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"अहो, बाळंतिणीची खोली ना ती," ती म्हणाली. "शेक-शेगडी होती की नाही?"

"असेलच की."

"असेलच म्हणजे? बघितली की नाही?"

बघितली होती. लिफ्टजवळ पॅसेजमध्ये, राखेने भरलेली. गर्दीत कुणीतरी उचलून बाहेर ठेवली असणार. माझा बूट तिला लागला होता, मी वळसा घालून आत गेलो. पंचनाम्यात पाण्याचा तांब्या लिहिला, उशी लिहिली, अर्धा लाडू लिहिला. शेगडी लिहिली नाही. बाळंतिणीच्या घरात शेगडी नसली तर मला खटकलं असतं. असलेली दिसलीच नाही.

"आणि खिडकी?" तिने विचारलं.

"खिडकीचं काय?"

"माझ्या वेळेला तुमच्या आईने मला सव्वा महिना शेक दिला. खाटेखाली कोळशाची शेगडी, वर ओवा नि लसणाची सालं. वारा लागू नये म्हणून अंगावर दोन गोधड्या. पण आपल्या त्या चाळीत दाराखालून मांजर जायचं एवढी फट होती. कौलांतून उजेड दिसायचा. टॉवरात कुठे आहे फट? सरकती काच लावली की मुंगी शिरत नाही." मग सुकटीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "त्या पोराला सोमवारी आत टाकू नका. आधी खोली बघून या."

मी जेवण अर्धं टाकून उठलो. साहेबांना जाऊन सांगितलं. बायकोने सांगितलं असं नाही बोललो, "मला वाटतं साहेब" असं बोललो. साहेब म्हणाले, "दहावी नापास माणूस मला केमिस्ट्री शिकवणार?" पण माणूस सरळ होता. स्वतः माझ्याबरोबर आला. पंच बोलावून खोलीचा दुसरा पंचनामा केला. खोली दहा बाय नऊ. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, कडेला रबराची पट्टी. दार घट्ट बसणारं, खाली फट नाही. पंखा बंद ठेवायचे, वारा नको म्हणून. एरवी दार उघडं असायचं. म्हणजे त्या सकाळी शेगडी पेटलेली असताना जावयाने दार ओढलं तेव्हा खोलीला शेवटची उघडी जागा राहिली होती ती बंद झाली. बाळाचं रडणं आत जाऊ नये, बायकोला झोप लागावी, एवढ्यासाठी.

शेगडी मुलीच्या आईने आपणच काढून दिली. तिला वाटलं आम्ही जावयाविरुद्ध पुरावे जमवतोय. पदराने पुसून दिली. "ह्याच शेगडीन माझी तिनय बाळंतपणां झाली. चाळीतल्या धा-बारा बायांक मीच शेक दिलाय. एकीक कधी काय झाला नाय."

मी पावतीवर तिचा अंगठा घेतला. तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

साहेबांनी प्रयोगशाळेला नवं पत्र दिलं: मयताच्या रक्तात कोळशाचा वायू, कार्बन मोनॉक्साइड, आहे का ते तपासावं. तातडीचं म्हणून पत्र घेऊन मीच गेलो. दोनदा हेलपाटे घातले. दुसऱ्या खेपेला तिथल्या मॅडम तपासणीच करत होत्या. दादरच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी म्हटलं, मॅडम, एका माणसाची मान अडकली आहे, मला नीट समजून सांगा. त्यांनी काचेच्या दारापर्यंत येऊ दिलं. "काका, इथून बघा. हात कशाला लावू नका."

यंत्राचं नाव स्पेक्ट्रोफोटोमीटर. तीनदा विचारून डायरीत लिहून घेतलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. टेबलावरच्या टायपरायटरएवढं होतं.

त्या म्हणाल्या, "आत दिवा आहे. दिव्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. यंत्र ते रंग वेगळे करतं आणि एका वेळी एकच रंग पुढे सोडतं. तो ह्या चौकोनी काचेच्या कुपीतून जातो. पलीकडे एक डोळा बसवलाय. किती उजेड पोचला ते तो सांगतो."

"म्हणजे यंत्र रक्त बघत नाही?"

"रक्ताने किती उजेड खाल्ला, तेवढंच बघतं. सोडला किती, पोचला किती. मधला गेला कुठे? रक्तात. प्रत्येक पदार्थाचा खायचा रंग ठरलेला असतो. ह्या रंगाचा जास्त खाईल, त्याचा कमी. त्याच्यावरून ओळखायचं कोण आहे ते. आणि जितका पदार्थ जास्त, तितका उजेड जास्त खाल्ला जातो, त्यावरून किती आहे ते कळतं."

रक्त जसंच्या तसं घालत नाहीत. त्यातून उजेड पलीकडे जाणारच नाही. खूप पातळ करतात, फिकं गुलाबी होईपर्यंत. ती पोरगी त्या कुपीत एवढीशी गुलाबी होऊन राहिली होती.

पण मॅडमनी आधी दुसरीच कुपी आत ठेवली. त्यात नुसतं पाण्यासारखं काहीतरी.

"हे काय?"

"ज्यात रक्त पातळ केलं तेच, रक्ताशिवाय. कोरं."

"त्यात तर काहीच नाही. ते कशाला मोजायचं?"

"काका, काच थोडा उजेड खाते. पाणी थोडा खातं. ते आधी मोजून शून्य धरायचं. नाहीतर काचेचा गुन्हा रक्ताच्या नावावर लागेल."

त्या कुपीला दोन बाजू खरखरीत असतात, दोन स्वच्छ. धरायची ती खरखरीत बाजूने. स्वच्छ बाजूला बोट लागलं तर बोटाचा डागही उजेड खातो. मॅडमनी मऊ कागदाने पुसून कुपी आत ठेवली. पडद्यावर रेघ वर चढली, दोन उंचवटे झाले.

"साध्या रक्ताचेही असेच दोन दिसतात, थोडे सरकलेले," त्या म्हणाल्या. "म्हणून आता ह्यात एक रसायन घालायचं. ते रक्तातला प्राणवायू काढून घेतं. साधं रक्त असेल तर दोन उंचवटे मोडून एकच होतो." तुलनेसाठी घेतलेल्या साध्या रक्ताचा तसा झाला, मला दाखवला. "कोळशाचा वायू असेल तर तो रक्ताला सोडतच नाही. दोन्ही तसेच राहतात."

त्यांनी मुलीच्या नमुन्यात रसायन घातलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे. रेघ पुन्हा चढली.

दोन्ही तसेच राहिले.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "अर्ध्याहून जास्त रक्तात आहे हो. ह्या वायूने रक्त लालभडक होतं. चेहरा लालसर होता का तिचा?"

"होता," मी म्हटलं. "मीच लिहिलंय."

व्हिसेऱ्यात विष निघालं नाही, लाडवातही नाही. अहवाल आला, डॉक्टरांनी त्यावरून कारण लिहिलं. साहेबांनी मुलीच्या आईवर निष्काळजीपणाचा गुन्हा घ्यायचा की नाही यावर वरिष्ठांशी बोलून अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद करायचं ठरवलं.

जावयाला मी बोलावून घेतलं. त्या दिवशी त्याची आई बाकावर नव्हती, तो एकटाच होता. बसवलं, सगळं सांगितलं. यंत्राचं पण सांगितलं, मला आलं तसं. बाळाला तू बाहेर आणलं नसतंस तर ते पण गेलं असतं, हेही सांगितलं. तो बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सासूबाईंना कोण सांगणार?"

"आम्हीच. जबाब घ्यावा लागेल."

"नका सांगू, साहेब. त्यांना माझंच नाव राहू दे. मी दिलेल्या लाडवाने गेली म्हणून सांगा. मला चालेल. त्या नाय जगणार."

माझ्या नोकरीत माणसांनी दुसऱ्यांवर ढकललेले गुन्हे मी ढिगाने बघितले. न केलेला गुन्हा अंगावर मागणारा हा एकच. तोही कुणासाठी, तर जिने त्याला धरायला सांगितलं तिच्यासाठी.

मी म्हटलं, "कागदावर तसं होत नाही रे." मला "रे" म्हणायची पण लाज वाटली.

तो हवालदार तिथेच उभा होता. त्याने चहा मागवला आणि बिस्किटांचा पुडा स्वतः फोडून त्याच्यासमोर ठेवला. जावयाने एक उचललं, हातात धरून बसला.

मुलीच्या आईला सांगायला मी बायकोला बरोबर नेलं. नियमात बसत नाही. साहेबांना विचारलं नाही, त्यांनीही नंतर विचारलं नाही. मी अहवाल वाचून दाखवायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि बायको म्हणाली, "ते ठेवा बाजूला." मग त्या बाईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि साध्या शब्दांत सांगितलं. कोळसा बंद खोलीत जळला की काय होतं. वास येत नाही, धूर दिसत नाही, झोप लागते.

ती बाई ऐकत होती. पहिल्यांदा म्हणाली, "नाय." मग म्हणाली, "मी इतक्या बायांक दिलंय." मग स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून बघत बसली. "माझ्या हातान?"

मी अहवाल घडी घालून खिशात ठेवला.  

बायकोने तिचे ते हात आपल्या हातांत घेतले. "मावशी, माझ्या सासूने मलाही असाच शेक दिला. असाच. मायेनेच दिला. आमच्या खोलीला फटी होत्या, म्हणून मी आज तुमच्यासमोर बसले आहे. बाकी काही फरक नाही तुमच्यात नि तिच्यात."

मग ती बाई रडली. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथे होतो. निघताना तिने मला एकच विचारलं, "तो जेवता काय? माझो जावई?"

बाळ त्याच आठवड्यात गिरगावला गेलं. नेऊन द्यायला ती स्वतः गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि ते माझं काम नव्हतं.

लोक विचारतात, नोकरीत काय शिकलात? चोर कसा ओळखावा हे मी शिकलो नाही, कुणी शिकत नाही. मी त्या मॅडमकडून एक शिकलो. आधी कोरं मोजायचं. तो पोरगा रडला नाही म्हणून आम्ही त्याला खुनी ठरवत होतो. तो एरवी किती रडतो, किती बोलतो, हे कुणी विचारलं? त्याची आई जिन्यात उभी राहून सांगत होती. तेच कोरं पाणी होतं. मी ते न बघता खाली उतरलो. त्यानंतरची जी काही वर्षं राहिली त्यात मी प्रत्येक जबाबाआधी घरच्यांना विचारायचो, हा माणूस रोज कसा असतो?

माझ्या घरातलं मात्र मोजायचं राहून गेलं. ती असताना घर कसं होतं याची नोंद मी कधी घेतली नाही, कारण ते तसंच असतं असं वाटायचं. आता ती नाही, आणि किती गेलं हे सांगायला माझ्याकडे शून्याचा आकडाच नाही.

निवृत्तीनंतर जुन्या चाळीच्या बदल्यात आम्हालाही परळला टॉवरमध्ये खोली मिळाली. सरकती खिडकी, रबराची पट्टी, सगळं तसंच. पहिल्याच दिवशी तिने खिडकीत हात आडवा धरला, चार बोटं मापून तेवढी फट ठेवली आणि मला बजावलं, ही कधी बंद करायची नाही. मी रोज भांडायचो. खाली बांधकाम चालू, धूळ येते, गाद्या खराब होतात. ती म्हणायची, "येऊ दे धूळ. झाडायला मी आहे ना."

आता धूळ मीच झाडतो. सकाळी खिडकी पुसली की हात आडवा धरून तिची फट ठेवतो. चार बोटं. तिची बोटं बारीक होती, माझी जाड. म्हणून फट थोडी जास्तच पडते.